आउटबोर्ड इंजिनाचे चार्जिंग आणि डॅशबोर्डवरचे मीटर: दोष कसा शोधावा

सिकेरीहून किंवा कोको बीचवरून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी असोत, की शापोरा-बेतूलच्या मच्छीमारांच्या होड्या, आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या, इंजिनाच्या विजेबद्दलच्या तक्रारी सगळीकडे साधारण सारख्याच असतात. सकाळी सेल्फ मारला तर नुसते ‘टक्’ वाजते, व्होल्टमीटरचा काटा बाराच्या खाली रेंगाळतो, आरपीएमचा काटा मध्येच शून्यावर पडतो, किंवा पेट्रोल भरून आणले तरी टाकी रिकामीच दिसते. अशा वेळी आधी नवी बॅटरी घेतली जाते, तिने भागले नाही की रेग्युलेटर बदलला जातो आणि शेवटी फ्लायव्हील काढून स्टेटरही बदलून होतो. एवढा खर्च झाल्यावर पुष्कळदा असे निघते की दोष बॅटरीच्या एका हिरव्या पडलेल्या लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीमध्ये होता. म्हणून येथे दिलेली पद्धत एकाच नियमावर उभी आहे: मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये, आणि मोजायचे तेही ठरावीक क्रमाने, म्हणजे आधी बॅटरी, मग जोडण्या, मग रेग्युलेटर आणि सर्वांत शेवटी स्टेटर. हा क्रम साधारणपणे खर्चाच्या दृष्टीने चढता आणि दोष सापडण्याच्या शक्यतेच्या दृष्टीने उतरता आहे.

यंत्रणा कशी चालते

आउटबोर्ड इंजिनात मोटारगाडीसारखा पट्ट्यावर फिरणारा वेगळा अल्टरनेटर सहसा नसतो. इंजिनाच्या माथ्यावरच्या फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला कायमचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्या मधोमध तांब्याच्या वेटोळ्यांचा स्टेटर स्थिर असतो. फ्लायव्हील फिरले की स्टेटरमध्ये एसी वीज तयार होते. ती दोन किंवा तीन वायरींनी रेक्टिफायरकडे जाते, तेथे तिची डीसी होते, आणि रेग्युलेटर तिचे व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. आजच्या बहुतेक इंजिनांत रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकाच डब्यात असतात. तेथून निघालेली लाल वायर फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हकडे पोहोचते. जुन्या लहान इंजिनांत मात्र नुसता रेक्टिफायर असतो, रेग्युलेटर नसतो. अशा इंजिनाला सीलबंद, देखभालमुक्त बॅटरी जोडू नये, कारण लांबच्या फेरीत व्होल्टेज मर्यादेबाहेर चढते आणि त्या बॅटरीत उकळून गेलेले पाणी पुन्हा भरता येत नाही.

हाताने दोरी ओढून सुरू होणाऱ्या कित्येक लहान इंजिनांत चार्जिंगची सोयच दिलेली नसते, किंवा फक्त दिव्यापुरती एसी वीज देणारी कॉइल असते. तेव्हा ‘चार्ज होत नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपल्या इंजिनात ती सोय मुळात आहे का, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे.

हात लावण्यापूर्वी

बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते, ती हवेपेक्षा जड असते आणि एका ठिणगीने पेटते. त्यामुळे झाकणे उघडून बोट पुरेशी हवेशीर करावी आणि पेट्रोलचा वास येत असेपर्यंत विजेच्या कामाला हात घालू नये. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढावे आणि जोडताना ते शेवटी लावावे. वरचे झाकण काढून इंजिन चालवायचे असेल तर फ्लायव्हील उघडेच फिरत असते, म्हणून सैल बाह्या, टॉवेल, मोकळे केस त्याच्या जवळ येऊ देऊ नयेत. इग्निशनच्या वायरींतले व्होल्टेज फार मोठे असते, चालू इंजिनात त्यांना स्पर्श करू नये.

जमिनीवर इंजिन चालवताना पाणी आत घेणाऱ्या तोंडांवर फ्लशिंगचे मफ, म्हणजे नळाची नळी जोडायच्या रबरी वाट्या, बसवून नळ सोडावा, नाहीतर पंपाचा रबरी इम्पेलर काही क्षणांत जळतो. इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवावे आणि दोन हजार आरपीएमच्या पुढे नेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये आणि बॅटरीचा मुख्य स्विच ‘ऑफ’कडे फिरवू नये. ‘बॅटरी काढूनही इंजिन चालते का’ हे पाहून चार्जिंगची परीक्षा घेण्याची सवय अजूनही दिसते. बॅटरी अचानक बाजूला झाली की व्होल्टेज उसळते आणि रेक्टिफायरचे डायोड त्याच क्षणी जातात. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे लागले तरी हेच होते. चांगले असलेले रेग्युलेटर या एका सवयीमुळे मरतात.

हत्यारे फार लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, तारेचा ब्रश, सँडपेपर, पाने, आणि शक्य असल्यास आपल्या इंजिनाचे वर्कशॉप मॅन्युअल.

बॅटरीपासून सुरुवात

रात्रभर काहीही न चालवता ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्टेज सकाळी मोजावे. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा फसवा असतो, तो काही वेळ चढलेला राहतो. शिसे-आम्लाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मल्टिमीटरच्या सळया लगवर टेकवू नयेत, बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच टेकवाव्यात. लग आणि खुंट यांच्यामध्येच दोष असेल तर तो पुढच्या टप्प्यात वेगळा पकडता आला पाहिजे.

आता सळया तशाच ठेवून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. त्या काही सेकंदांत व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी सेल्फ मारताच सात-आठवर कोसळत असेल तर तिचा एखादा सेल गेला आहे असे समजावे. पाणी घालण्याची झाकणे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, प्रत्येक सेल तपासता येतो. एका सेलचे वाचन इतरांपेक्षा ०.०५ किंवा अधिक खाली असेल तर ती बॅटरी चार्जरवर कितीही वेळ ठेवली तरी सावरत नाही.

बॅटरी नुसती उतरलेली असेल तर ती आधी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरावी आणि मगच पुढे जावे. रिकामी बॅटरी जोडून चार्जिंगची यंत्रणा तपासली तर सगळे आकडे खाली येतात आणि चांगल्या भागांवर संशय जातो. शिवाय मेलेली बॅटरी भरण्याचे काम रोज आउटबोर्डवर टाकले तर रेग्युलेटर तापून लवकर निकामी होतो.

दोष यंत्राचा की वापराचा

गोव्यातल्या पर्यटक बोटींच्या बाबतीत हा प्रश्न आवर्जून विचारावा. बोट किनाऱ्यावरून निघते, वीस-पंचवीस मिनिटे चालते, डॉल्फिन दिसले की इंजिन अगदी हळू किंवा बंद, पुन्हा सेल्फ, पुन्हा थोडे चालणे, आणि परतल्यावर पुढची माणसे येईपर्यंत बोट वाळूवर उभी. या सगळ्या वेळात स्पीकरवर गाणी चालू असतात. स्टेटरची क्षमता पूर्ण वेगाला मोजलेली असते. आयडलला, म्हणजे इंजिन सर्वांत कमी वेगाने नुसते चालत असताना, तो त्याच्या थोड्याच भागाइतका करंट देतो.

साधा हिशेब करून पाहावा. सेल्फने १५० अँपिअर चार सेकंद ओढले तर खर्च होतो सुमारे ०.१७ अँपिअर-तास, म्हणजे फारच थोडा. पण पाच अँपिअर ओढणारी गाण्यांची यंत्रणा इंजिन बंद असताना दिवसभरात तीन तास चालली तर १५ अँपिअर-तास जातात. आयडलला दिवे आणि पंप यांचा भार वजा जाऊन बॅटरीकडे दोनच अँपिअर उरत असतील, तर तेवढे भरून निघायला साडेसात तासांहून अधिक हवेत. सेल्फ बॅटरी खातो हा समज म्हणूनच बहुधा चुकीचा असतो, बॅटरी खातात ती इंजिन बंद असताना चालणारी उपकरणे. अशा बोटीत गाणी, दिवे आणि पंप यांच्यासाठी दुसरी बॅटरी ठेवावी, तिला किनाऱ्यावर चार्ज करावे आणि इंजिनाची बॅटरी फक्त इंजिनासाठी राखावी. मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या वाळूच्या दांड्याजवळ, मागून लाट येत असताना इंजिन पुन्हा सुरू न होणे ही साधी गैरसोय नाही, तेथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो.

बोट नुसती उभी असतानाही बॅटरी उतरत असेल तर चोरवाट शोधावी. सगळे बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह सोडवावे आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह खुंट आणि सोडवलेली वायर यांच्यामध्ये जोडावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट दिसला तर एकेक फ्यूज काढत जावे, ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर दोष असतो. तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाचा अडकलेला फ्लोट स्विच हा नेहमीचा गुन्हेगार. अर्धा अँपिअर सतत जात असेल तर साठ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत संपते.

जोडण्या: सर्वाधिक वेळ येथे द्यावा

खाऱ्या हवेत तांबे फार दिवस तांबे राहत नाही. वरून वायर चांगली दिसते, पण लगच्या तोंडाशी हिरवी पूड असते. प्लास्टिकचे आवरण थोडे कापून पाहिले तर आतले धागे काळे पडलेले, बोटाने चोळले तरी न चमकणारे निघतात. हा काळेपणा आवरणाच्या आत बोट-दोन बोट, कधी वीतभरही चढलेला असतो. अशी वायर घासून उपयोग नाही. चकचकीत तांबे दिसेपर्यंत ती मागे कापत जावे आणि नवी लग दाबून बसवावी. लांबी कमी पडत असेल तर पूर्ण वायरच बदलावी, आणि ती कलई केलेल्या तांब्याची, बोटीसाठीची घ्यावी. घराच्या वायरिंगची साधी वायर बोटीत फार काळ टिकत नाही.

नुसते पाहून किंवा बंद स्थितीत मोजून ही गंज सापडत नाही. दहा धाग्यांपैकी एकच जिवंत राहिला तरी मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. दोष उघडा पडतो तो करंट वाहताना. म्हणून व्होल्टेजची घट मोजण्याची पद्धत शिकून घ्यावी. या साऱ्या कामात तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. एक सळई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर आणि दुसरी स्टार्टर मोटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर टेकवून सेल्फ मारायला सांगावे. वायर, लग आणि सोलेनॉइड (सेल्फचा मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच) हे सगळे चांगले असतील तर अर्ध्या व्होल्टच्या आतच आकडा दिसेल. एक-दीड व्होल्ट दिसला तर तेवढे व्होल्टेज वाटेतच खर्च होत आहे. मग एक सळई खुंटावर स्थिर ठेवून दुसरी टप्प्याटप्प्याने जवळ आणावी: सोलेनॉइडची पलीकडची बाजू, अलीकडची बाजू, मुख्य स्विच, लग. आकडा जेथे अचानक पडतो तेथेच दोष आहे. निगेटिव्हच्या बाजूनेही हेच करावे, एक सळई निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. येथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी. पॉझिटिव्हकडे सगळ्यांचे लक्ष असते, निगेटिव्ह मात्र तपासले जात नाही, आणि इंजिनाला बसणारा निगेटिव्हचा बोल्ट तर वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही.

बॅटरीच्या खुंटावर हाताने फिरवायचे पाकळीचे नट असतील तर ते काढून साधे षटकोनी नट आणि वॉशर लावावेत व पान्याने घट्ट करावेत. लाटेच्या आदळण्याने पाकळीचे नट हळूहळू सैल होतात, आणि सैल जोडणी म्हणजे चालत्या इंजिनात बॅटरी क्षणभर काढून लावण्यासारखेच. जाड लग सर्वांत खाली आणि बारीक वायरींच्या लग तिच्यावर बसवाव्यात. सगळे साफ झाल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्यावा, पण तो जोडणी घट्ट केल्यानंतर आणि बाहेरून.

लाल वायरीवरचा फ्यूजही काढून पाहावा. बऱ्याच इंजिनांत किल्लीकडे जाणारी वीज याच फ्यूजमधून येते, त्यामुळे तो गेला की चार्जिंगबरोबर सेल्फही बंद पडतो. फ्यूज शाबूत असून त्याचे पाय आणि खाचा गंजलेल्या असणे हेही तितकेच नेहमीचे आहे. बदलताना पुस्तिकेत दिलेल्याच अँपिअरचा फ्यूज घालावा.

इंजिन चालू ठेवून मोजणी

बॅटरी भरलेली आणि जोडण्या साफ असल्याची खात्री झाल्यावर इंजिन सुरू करावे आणि खुंटांवर व्होल्टेज पाहावे. आयडलला ते १३ च्या आसपास असले तरी चालते. दीड ते दोन हजार आरपीएमला ते १३.८ ते १४.५ पर्यंत चढले पाहिजे. आता दिवे आणि पंप सुरू करावेत, आकडा किंचित खाली येऊन पुन्हा स्थिरावला तर चार्जिंग निरोगी आहे आणि दोष दुसरीकडे शोधावा.

आकडा १२.५ च्या आसपासच राहून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होत नाही. तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर निकामी झाला आहे. अशा बॅटरीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो, बाजू फुगतात, पाणी वारंवार संपते. त्या बॅटरीजवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी येऊ देऊ नये, कारण बाहेर पडणारा हायड्रोजन स्फोटक असतो.

चार्जिंग होत नसेल तर इंजिन दोन हजारांवर, दिवे चालू ठेवून, रेग्युलेटरच्या लाल वायरीच्या जोडणीपासून बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापर्यंत व्होल्टेजची घट पाहावी. ती ०.३ च्या आत असावी. रेग्युलेटरपाशी पंधरा-सोळा आणि बॅटरीपाशी साडेबारा असे चित्र दिसले तर वीज तयार होत आहे, पण वाटेत अडकते आहे. रेग्युलेटरच्या डब्याचा निगेटिव्ह बऱ्याचदा त्याच्या बसण्याच्या बोल्टमधूनच जातो. तो बोल्ट आणि त्याखालची जागा घासून चकचकीत करावी, या एका बोल्टाने कित्येक ‘मेलेले’ रेग्युलेटर जिवंत होतात.

रेग्युलेटर आणि स्टेटर

इंजिन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह काढावे. स्टेटरकडून येणाऱ्या दोन किंवा तीन एकाच रंगाच्या वायरी रेग्युलेटरपासून सोडवाव्यात. त्या बहुधा पिवळ्या, काही इंजिनांत हिरव्या असतात. प्लग काळा पडलेला किंवा वितळलेला असेल तर दोष तेथेच असण्याची शक्यता मोठी.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून आधी दोन्ही सळया एकमेकींना टेकवाव्यात. ०.२ किंवा ०.३ असा जो आकडा येईल तो सळयांचा स्वतःचा रोध आहे, पुढच्या प्रत्येक वाचनातून तो वजा करावा. स्टेटरचा रोध पुष्कळदा एका ओहमपेक्षाही कमी असतो, त्यामुळे ही वजाबाकी विसरली तर निष्कर्ष चुकतो. तीन वायरी असतील तर तिन्ही जोड्या मोजाव्यात, तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेत असावेत. त्यानंतर प्रत्येक वायर आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये मोजावे. येथे बहुतेक इंजिनांत काहीही जोड दिसता कामा नये. दिसला तर वेटोळ्याचे आवरण जळून ते धातूला टेकले आहे. फ्लायव्हीलच्या खालच्या फटीतून टॉर्च मारून पाहिल्यास जळलेल्या स्टेटरवरून तपकिरी राळेचे ओघळ उतरून खाली थिजलेले दिसतात, आणि असे ओघळ दिसल्यावर फारसे मोजण्यासारखे उरत नाही.

रोध ठीक असूनही शंका राहिली, तर मॅन्युअलमध्ये परवानगी असल्यास वायरी सोडवलेल्या स्थितीतच इंजिन चालवून त्यांच्यामधले एसी व्होल्टेज मोजावे. ते वेगाबरोबर चढले पाहिजे आणि तिन्ही जोड्यांत सारखे असले पाहिजे. सुटलेल्या वायरींवर या वेळी बरेच व्होल्टेज असते, त्यांना हात लावू नये व एकमेकींना टेकू देऊ नये.

रेक्टिफायर मल्टिमीटरच्या डायोड स्थितीत तपासता येतो. स्टेटरच्या प्रत्येक टोकापासून लाल टोकाकडे एका दिशेने ०.४ ते ०.७ च्या दरम्यान आकडा यावा आणि सळया अदलाबदल केल्यावर काहीच येऊ नये. हीच परीक्षा स्टेटरचे टोक आणि निगेटिव्ह यांच्यात करावी. दोन्ही दिशांनी आकडा येणे किंवा कोणत्याच दिशेने न येणे म्हणजे डायोड गेला. रेग्युलेटरचा भाग मात्र साध्या मीटरने पूर्णपणे तपासता येत नाही. बॅटरी, वायरी आणि स्टेटर चांगले ठरल्यावर जो उरतो तो रेग्युलेटर, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

रेग्युलेटर बदलणे घरी जमते. स्टेटर बदलण्यासाठी फ्लायव्हील पुलरने काढावे लागते आणि बसवताना नट ठरलेल्या टॉर्कनेच आवळावा लागतो, ते काम माहितगार मेकॅनिकवर सोपवावे. मोजलेले सगळे आकडे कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावेत, त्याने त्याचा वेळ आणि आपला पैसा दोन्ही वाचतात.

डॅशबोर्डवरचे मीटर

सगळे मीटर एकाच वेळी बंद पडले किंवा दिवे, पंप लावताच सगळ्यांचे काटे एकदम हलू लागले, तर मीटर बिघडलेले नाहीत. त्यांची सामायिक निगेटिव्ह वायर किंवा किल्लीकडून येणारी वीज कच्ची आहे. डॅशबोर्डच्या मागे एका मीटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलेली काळी वायर शोधावी आणि तिची प्रत्येक लग साफ करावी.

मीटरच्या पाठीवर बहुधा तीन खुंट असतात: ‘आय’ म्हणजे किल्लीची वीज, ‘जी’ म्हणजे निगेटिव्ह, ‘एस’ म्हणजे सेन्सरकडून येणारी वायर. किल्ली चालू करून ‘आय’ आणि ‘जी’ यांच्यात बॅटरीइतके व्होल्टेज आहे का, हे प्रत्येक मीटरच्या बाबतीत आधी पाहावे. रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नये. अमेरिकी पद्धतीत जांभळी वायर किल्लीची, करडी टॅकोमीटरची, गुलाबी पेट्रोलच्या मीटरची, फिकट तपकिरी तापमानाची आणि फिकट निळी ऑइलच्या दाबाची असते. यामाहाच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, मात्र किल्लीची वीज पिवळ्या वायरीत, टॅकोमीटरचा सिग्नल हिरव्या वायरीत असतो, आणि गुलाबी वायर इंजिन तापल्याच्या इशाऱ्याची असते.

आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर हा चार्जिंगचा साक्षीदार आहे, म्हणून त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. सुई असलेल्या बहुतेक टॅकोमीटरना सिग्नल स्टेटर-रेक्टिफायरकडूनच येतो. त्यामुळे आरपीएमचा काटा पडला आणि त्याच वेळी चार्जिंगही थांबले, तर रेक्टिफायर-रेग्युलेटर किंवा स्टेटर यांच्याकडे वळावे. काटा चालतो पण बॅटरी भरत नाही, तर लाल वायर आणि फ्यूज पाहावा. चार्जिंग उत्तम पण काटा पडलेला, तर सिग्नलची वायर किंवा स्वतः मीटर दोषी. डिजिटल नेटवर्कवर चालणाऱ्या नव्या मीटरांना आरपीएम इंजिनाच्या संगणकाकडून मिळतो, त्यांना हे लागू नाही.

आरपीएम बरोबर दुप्पट किंवा निम्मा दिसत असेल तर मीटरच्या पाठीवरची बारीक, स्क्रूड्रायव्हरने फिरवायची निवडखूण पाहावी. तीवर ४पी, ६पी, १२पी अशी ध्रुवांची संख्या लिहिलेली असते, काहींवर एका फेरीतल्या स्पंदांची संख्या असते. बारा ध्रुवांच्या स्टेटरमधून एका फेरीत सहा स्पंद येतात. त्यासाठी ६पी निवडले तर दोन हजारचे चार हजार दिसतात. खूण योग्य जागी असूनही काटा थरथरत असेल तर ती आत गंजलेली असते. किल्ली बंद करून, मूळची जागा लिहून ठेवून, बारीक स्क्रूड्रायव्हरने ती चार-पाच वेळा मागेपुढे फिरवावी आणि परत जागेवर आणावी. आतले संपर्क घासले जाऊन मीटर बहुधा सरळ होतो.

व्होल्टमीटरच्या आकड्याला बॅटरीचा आकडा मानू नये. तो किल्लीतून, लांब हार्नेसमधून आलेले व्होल्टेज दाखवतो. मल्टिमीटरने बॅटरीवर १४.२ आणि डॅशबोर्डवर १३ असे दिसले तर चार्जिंगमध्ये काही दोष नाही, मधल्या जोडण्यांत आहे.

पेट्रोलच्या मीटरसाठी एक सोपी परीक्षा आहे, पण ती टाकीजवळ न करता मीटरच्या पाठीशीच करावी, कारण टाकीपाशी ठिणगी चालणार नाही. किल्ली चालू ठेवून ‘एस’ची वायर काढावी. अमेरिकी प्रकारच्या मीटरात, जेथे रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतात, काटा रिकाम्याकडे जाईल. ‘एस’ आणि ‘जी’ वायरीने क्षणभर जोडले तर तो भरलेल्याकडे जाईल. युरोपी प्रकारात, १० ते १८० ओहमच्या सेन्सरसाठी, नेमके उलट होईल. काटा असा दोन्हीकडे फिरला तर मीटर चांगला आहे, दोष वायर किंवा टाकीतल्या तरंगत्या सेन्सरचा. नवा सेन्सर किंवा मीटर घेताना दोन्ही एकाच प्रकारचे आहेत ना, हे पाहावे, नाहीतर भरलेली टाकी कायम रिकामी दिसेल.

ट्रिमचा, म्हणजे इंजिनाचा कल दाखवणारा, मीटर चुकत असेल तर ब्रॅकेटवरचा सेन्सर आणि तेथे सतत वाकणारी वायर पाहावी. पाण्याच्या दाबावर चालणारा वेगमापक बंद पडला तर इंजिनाच्या पाण्यातल्या भागावरचे बारीक छिद्र गाळाने किंवा शिंपल्यांनी बुजलेले असते. ते बारीक तारेने मोकळे करावे. नळीत हवा मारायची असेल तर आधी ती मीटरपासून सोडवावी, कारण हवेच्या दाबाने मीटर फुटतो.

समुद्रात असताना

बाहेर असताना चार्जिंग बंद झाल्याचे दिसले तर गाणी, अनावश्यक दिवे, मासे शोधणारे यंत्र बंद करावे आणि इंजिन बंद न करता थेट किनारा गाठावा. मोठ्या इंधन-इंजेक्शनच्या इंजिनांना पंप आणि संगणकासाठी बॅटरी लागते, ती फार उतरली की चालते इंजिनही थांबते. जुने कार्बोरेटरचे टू-स्ट्रोक इंजिन बहुधा बॅटरीवाचूनही चालत राहते आणि दोरीने सुरू होते, म्हणून ती दोरी बोटीत असलीच पाहिजे. व्होल्टेज १५ च्या वर चढले असेल तर नाजूक उपकरणे बंद करावीत, नेव्हिगेशनचे दिवे आणि पंप चालू ठेवून थोडा भार द्यावा, बॅटरीच्या पेटीचे झाकण मोकळे करावे आणि कमी आरपीएमवर परतावे.

पावसाळ्याची विश्रांती

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बऱ्याच होड्या झावळ्यांच्या किंवा ताडपत्रीच्या आडोशाला ओढून ठेवल्या जातात. बॅटरी त्यांच्यातच राहिली तर आपोआप उतरते, आणि उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर असा थर बसतो की ती पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणून बॅटरी काढून घरात, कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जरने भरावी. वायरींच्या मोकळ्या टोकांना ग्रीस लावून प्लास्टिकने बांधावे. इंजिनाचे झाकण आणि डॅशबोर्डमागची पोकळी यांत उंदीर शिरणार नाहीत असा बंदोबस्त करावा, वायरींचे आवरण त्यांना विशेष प्रिय असते.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोट पुन्हा पाण्यात टाकण्यापूर्वी कुरतडलेल्या वायरी, लग आणि फ्यूज पाहून घ्यावेत. मग सर्व चांगले चालत असताना चार आकडे इंजिनाच्या पुस्तिकेच्या आतल्या पानावर तारखेसह लिहावेत: रात्रभर स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे, आयडलचे आणि दोन हजार आरपीएमचे. हंगामाच्या मध्यावर यांतला कोणताही आकडा अर्ध्या व्होल्टने सरकलेला दिसला, तर बॅटरीच्या खुंटांपासून तपासणी पुन्हा सुरू करावी.